उमेदवारीचे उमेदवार

‘उमेदवार’ हा शब्द फारशींतून आपल्याकडे आला तेव्हां त्याच्या पोटांत केवळ आशा होती. उमेद धरून बसलेला तो उमेदवार. आमच्या वाडवडिलांच्या काळीं कचेरींत बिनपगारी काम शिकणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. साहेबांची मर्जी बसेल, एखादी जागा रिकामी होईल आणि मग पगार सुरू होईल, या आशेवर तो बिचारा वर्षानुवर्षें टाक झिजवीत बसे. पुढें लोकशाही आली आणि हा शब्द कचेरींतून उठून मतपत्रिकेवर जाऊन बसला. परंतु ओटीवर ताटकळणारा तो जुना उमेदवार नाहींसा झाला, असें मात्र कोणी समजूं नये. त्याचें नांव तेवढें बदललें. त्याला आतां ‘इच्छुक’ म्हणतात.

निवडणूक जवळ आली कीं आमच्या पिंपळे गुरवच्या चौकाचौकांत या इच्छुकांचे फलक लागतात. मध्यभागीं हात जोडलेली मूर्ति, खालीं दहापांच कार्यकर्त्यांचे चेहरे, आणि वरच्या अंगास पक्षश्रेष्ठींची रांग. पाहणाऱ्यास वाटतें, हा मनुष्य आपणांस नमस्कार करीत आहे. वस्तुतः तो नमस्कार वरच्या रांगेस असतो. तिकीट तेथून मिळावयाचें असतें. आपण रस्त्यावरचे लोक पुढच्या अंकांतले.

या महिन्यांत आम्ही या इच्छुकाविषयींच चार शब्द लिहिणार आहों. त्यांतहि जो दुर्बळ, म्हणजे ज्याच्यामागें घराणें नाहीं, ज्याच्यापाशीं पैसा बेताचा, आणि ज्याचें नांव वरिष्ठांस चटकन् आठवत नाहीं, अशाविषयीं. त्याला आपलें म्हणणें चारचौघांत मांडण्यास जागा मिळाली तर त्याचें काय होतें, आणि न मिळाली तर काय होतें?

न मिळाल्यास काय होतें हें पाहण्यास आम्हांला पवनेचें पात्रहि ओलांडावें लागत नाहीं. आमचा चिंचवड मतदारसंघ नवा. २००९ पूर्वीं आम्ही हवेलींत होतों. त्या वर्षीं पहिली निवडणूक झाली तेव्हां जागावाटपांत हा मतदारसंघ काँग्रेसच्या वांट्यास गेला, आणि राष्ट्रवादीचे लक्ष्मण जगताप, जे आमच्या पिंपळे गुरवचेच, ते अपक्ष म्हणून उभे राहिले. त्यांनीं शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांचा ६,५७५ मतांनीं पराभव केला. म्हणजे या मतदारसंघाचा पहिलाच आमदार बिनतिकिटाचा! अर्थात् शहराचें महापौरपद भूषविलेल्या जगतापांस दुर्बळ कोणी म्हणणार नाहीं. पण पायंडा पडला तो पडला.

पुढें २०१४ आणि २०१९ मध्यें जगताप भाजपच्या तिकिटावर निवडून आले. दोन्ही वेळां त्यांच्यासमोर राहुल कलाटे होते. पहिल्यांदां शिवसेनेचे अधिकृत उमेदवार म्हणून, दुसऱ्यांदां युतींत जागा भाजपकडे गेल्यामुळें अपक्ष म्हणून. अपक्ष असतां त्यांस १,१२,२२५ मतें पडलीं. ३ जानेवारी २०२३ रोजीं जगताप निवर्तले आणि पोटनिवडणूक लागली. भाजपनें त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांस उभें केलें. महाविकास आघाडींत जागा राष्ट्रवादीकडे जाऊन नाना काटे यांस तिकीट मिळालें, आणि कलाटे पुन्हां अपक्ष. निकाल असा लागला: अश्विनी जगताप १,३५,६०३, काटे ९९,४३५, कलाटे ४४,११२. विजयाचें अंतर ३६,१६८, आणि बंडखोराचीं मतें त्याहून अधिक. तीं सारीं मतें काट्यांकडेच गेलीं असतीं असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? पण त्यानंतर कित्येक दिवस राजमाता जिजाऊ उद्यानांत, म्हणजे मुलें ज्याला डायनासोरची बाग म्हणतात तेथें, सकाळीं फिरणाऱ्या वडील मंडळींना चर्चेस दुसरा विषय नव्हता. २०२४ मध्यें कलाट्यांस अखेर शरद पवारांच्या पक्षाचें तिकीट मिळालें. भाजपनें या वेळीं दिवंगत आमदारांचे धाकटे बंधु शंकर जगताप यांस उभें केलें आणि ते १,०३,८६५ मतांनीं विजयी झाले.

या कोणाच्याहि राजकारणाविषयीं आम्हांस बरेंवाईट म्हणावयाचें नाहीं. आमचें लक्ष निराळ्या गोष्टीकडे आहे. दहा वर्षांत एक मनुष्य चार वेळां उभा राहतो. कधीं पक्षाचा, कधीं पक्षाविरुद्ध. त्याला तिकीट नाकारतांना त्याच्यांत काय उणें दिसलें, आणि ज्याला दिलें त्याच्यांत काय अधिक दिसलें, हें एकदांहि आम्हां मतदारांच्या कानांवर पडलें नाहीं. आम्हांस कळल्या त्या केवळ मतांच्या बेरजा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आमच्या शहरास पाणी दिवसाआड येतें. त्यावर एकाच पक्षाच्या दोन इच्छुकांचीं दोन मतें असतील कीं नाहीं? असलींच तर तीं कोठें मांडलीं गेलीं?

तीं मांडलीं जातात, असें पक्षाचे लोक सांगतात. ‘इच्छुकांच्या मुलाखती’ म्हणून एक विधि असतो. पक्षाच्या कार्यालयांत निरीक्षक येऊन बसतात, बाहेर मोटारींची रांग लागते, आणि एकेक इच्छुक आंत जाऊन पांचसात मिनिटांत बाहेर येतो. आंत काय विचारलें, हें आंतल्यांसच ठाऊक. मग दिल्ली-मुंबईच्या खेपा सुरू होतात आणि शेवटीं एबी फॉर्म नांवाचा कागद निघतो. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशीं दुपारीं तीनच्या आंत तो निवडणूक अधिकाऱ्यापुढें पोंचला म्हणजे लग्न लागलें! सोयरीक माजघरांत ठरावयाची, याद्या वडीलधाऱ्यांनीं करावयाच्या, आणि मतदारांनीं ठरल्या दिवशीं येऊन अक्षता टाकावयाच्या. २०२३ च्या त्या पोटनिवडणुकींत जेमतेम निम्मे मतदार अक्षता टाकण्यास आले, यांत आश्चर्य तें काय?

बोलूं न दिलेला मनुष्य काय करतो याचें आपल्या इतिहासांतलें उदाहरण वाचकांस तोंडपाठ असेल. सन १९०७ ची सुरतेची काँग्रेस. अधिवेशन नागपुरास भरावयाचें होतें. तेथें टिळकपक्षाचें बळ आहे हें पाहून तें सुरतेस हलविण्यांत आलें. अध्यक्षपदासाठीं नेमस्तांनीं रासबिहारी घोष यांस योजिलें होतें. टिळकपक्षाचा ओढा लाला लजपतरायांकडे होता. २७ डिसेंबर रोजीं अध्यक्षांच्या निवडीवर बोलण्याविषयीं टिळकांनीं आगाऊ चिठ्ठी पाठविली होती. तिचें उत्तर आलें नाहीं तेव्हां ते स्वतः व्यासपीठावर चढले. परवानगी नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें. टिळक हातांची घडी घालून तेथेंच उभे राहिले. तेवढ्यांत मंडपांतून एक दख्खनी जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फेरोजशहा मेहता या दोघांनाहि प्रसाद देऊन खालीं पडला. मग खुर्च्या उडाल्या. आणि दुभंगलेली काँग्रेस १९१६ च्या लखनौपर्यंत सांधली नाहीं. टिळकांस दुर्बळ म्हणण्याची आमची प्राज्ञा नाहीं. परंतु त्या मंडपांत, त्या दिवशीं, डोक्यांच्या हिशेबानें ते दुर्बळ बाजूचेच होते. दहा मिनिटें बोलूं दिलें असतें तर कदाचित् त्यांची सूचना पडली असती, आणि काँग्रेस उभी राहिली असती.

आतां जेथें बोलूं देतात तेथें काय घडतें तें पाहूं. अमेरिकेंत पक्षाची उमेदवारी माजघरांत ठरत नाहीं. पक्षाचे साधे अनुयायी मतें देऊन ती ठरवितात. या फेरीस तिकडे प्राथमिक निवडणूक म्हणतात. आणि मोठ्या पदांसाठीं त्या मतदानापूर्वीं एकाच पक्षाचे इच्छुक एका मंचावर उभे राहून परस्परांशीं वाद करतात, तो दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसतो. वाचकांस वाटेल, मंच मिळाला म्हणजे दुर्बळाचें दैव उघडलें. तसें क्वचित्‌च होतें.

एक तर मंचाच्या दारावरच चाळणी असते. २०१५ च्या ऑगस्टमध्यें क्लीव्हलंड शहरीं रिपब्लिकन पक्षाचे सतरा इच्छुक होते. लोकमताच्या चांचण्यांत जे पहिले दहा, त्यांची पंगत रात्रीं थाटानें बसविली. उरलेल्या सातांची संध्याकाळींच, बरेचसें सभागृह रिकामें असतां, उरकून घेतली. त्या आगाऊ पंगतींत कार्ली फिओरिना या बाई इतक्या उत्तम बोलल्या कीं, पुढच्या महिन्यांत त्यांस मुख्य पंगतींत पाट मिळाला. लोकांनीं वाहवा केली. मतांच्या वेळीं मात्र पान रिकामेंच राहिलें. २०१९ मध्यें दुसऱ्या पक्षानें निराळी चाळणी लावली: चांचण्यांत शेंकडा एक टक्का, नाहीं तर पासष्ट हजार देणगीदार. दोनच सभांनंतर तीहि वाढवून दोन टक्के आणि एक लाख तीस हजार केली. म्हणजे दुर्बळाला दारांतून घ्यावयाचें, पण उंबरा रोज वीतभर उंच करावयाचा!

दुसरें असें कीं, आंत गेलेला दुर्बळ मनुष्य दुसऱ्यास पाडूं शकतो, स्वतः उठूं शकत नाहीं. ६ फेब्रुवारी २०१६ च्या सभेंत क्रिस क्रिस्टी यांनीं मार्को रुबिओ या चढत्या उमेदवारास असें पकडलें कीं, तो गृहस्थ तेंच पाठ केलेलें वाक्य पुन्हांपुन्हां म्हणूं लागला. शाळेच्या संमेलनांत भाषण विसरलेला मुलगा जसा पहिल्या ओळीवर परत येतो, तसें. तीन दिवसांनीं न्यू हॅम्पशायर प्रांतांत मतें झालीं. रुबिओ पांचवे, आणि त्यांस लोळविणारे क्रिस्टी सहावे. १० फेब्रुवारीस क्रिस्टी आणि वर सांगितलेल्या फिओरिनाबाई, दोघांनींहि एकाच दिवशीं आपले अंथरूण गुंडाळलें. २०१९ च्या जुलैंत डेट्रॉइट शहरीं तुलसी गॅबर्ड यांनीं कमला हॅरिस यांच्या सरकारी वकिलीच्या कारकीर्दीवर असाच घाव घातला. हॅरिस डिसेंबरांत शर्यतींतून बाहेर पडल्या. पण २०२१ मध्यें उपाध्यक्ष कोण झालें? हॅरिसच. घाव घालणाऱ्या बाईंस दोन प्रतिनिधि मिळाले, आणि २०२२ मध्यें त्यांनीं तो पक्षच सोडला.

अपवाद आहेत. लाखभर वस्तीच्या साउथ बेंड गांवचे नगराध्यक्ष पीट बुटीजेज यांचें नांव २०१९ च्या आरंभीं कोणास उच्चारतांहि येत नव्हतें. मंचावर ते शांतपणें, मुद्देसूद बोलत गेले, आणि २०२० च्या आयोवा प्रांताच्या फेरींत प्रतिनिधींच्या हिशेबानें निसटते पहिले आले. अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांस मिळाली नाहीं. पुढच्या वर्षीं मंत्रिपद मिळालें. मंचाचें फळ हें असें असतें. ज्या झाडाखालीं उभें राहावें त्याचें पडत नाहीं, शेजारच्या झाडाचें पडतें.

आणि याच मंचावर आपलाहि एक मनुष्य उभा राहिलेला आहे. चिकोडींत जन्मलेले, बेळगांवांत वाढलेले श्री ठाणेदार. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांत काम करून १९७९ मध्यें ते अमेरिकेस गेले, रसायनशास्त्रांत डॉक्टर झाले, उद्योगांत वर आले, बुडाले आणि पुन्हां वर आले. ‘ही श्रींची इच्छा’ हें त्यांचें आत्मचरित्र मराठी घरांतून पुष्कळ वाचलें गेलें आहे. २०१८ मध्यें त्यांनीं मिशिगन प्रांताच्या राज्यपालपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. (तिकडे राज्यपाल म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनीं निवडलेला.) समोर ग्रेचेन व्हिटमर, कायदेमंडळांत मुरलेल्या, पक्षाचा आणि कामगार-संघांचा पाठिंबा असलेल्या. तिसरे डॉक्टर अब्दुल अल्-सय्यद. तिघेहि एका मंचावर उभे राहिले आणि सर्वांस सरकारी आरोग्य-विमा द्यावा कीं न द्यावा, यावर घरोघर ऐकूं जाईल असे भांडले. बेळगांवकडच्या वळणाचे इंग्रजी उच्चार त्या मंचावर ऐकूं आले, आणि त्यावरून कोणी त्यांस खालीं उतरविलें नाहीं. मतें मोजलीं तेव्हां व्हिटमर यांस शेंकडा बावन्न, अल्-सय्यद यांस तीस, ठाणेदारांस अठराच्या किंचित् आंत.

येथें खरें तें सांगितलें पाहिजे. ठाणेदार मतांनीं दुर्बळ होते, पैशानें नव्हते. त्या निवडणुकींत त्यांनीं पदरचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्चिले. २०२० मध्यें ते प्रांताच्या विधिमंडळांत गेले. २०२२ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसच्या जागेसाठीं नऊ इच्छुकांत ते पहिले आले, तें शेंकडा अठ्ठावीस मतांवर. बाकीच्यांनीं उरलेलीं बहात्तर आपसांत वांटून घेतलीं. तेव्हां त्यांचा विजय केवळ वाणीचा आहे असें कोणी म्हणेल तर आम्ही मान डोलावणार नाहीं. तो चिकाटीचा, पैशाचा, आणि विरोधकांच्या फाटाफुटीचाहि आहे. तथापि २०१८ सालीं तिसऱ्या क्रमांकावर पडलेल्या माणसास पक्ष सोडावा लागला नाहीं, अपक्ष उभें राहावें लागलें नाहीं, कोणाचीं मतें कापावीं लागलीं नाहींत. तो ऐकला गेला, हरला, आणि त्याच दारानें चार वर्षांनीं आंत आला. आमच्या मतदारसंघाचा वृत्तांत आणि हा वृत्तांत वाचकांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावा.

आपल्याकडे असा प्रयत्न मुळींच झाला नाहीं असें नाहीं. २०१४ च्या लोकसभेपूर्वीं काँग्रेसनें देशांतील थोड्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतानें उमेदवार निवडून पाहिले. महाराष्ट्रांत वर्धा आणि लातूर. मत देणारे पक्षाचे पदाधिकारीच. वर्ध्यास सामना कोणांत? विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. म्हणजे दार उघडलें, पण आंत आले ते घरचेच! मेघे निवडले गेले. पुढें वर्धा आणि लातूर या दोन्ही जागा काँग्रेस दोन लाखांहून अधिक मतांनीं हरली, आणि त्याच वर्षाच्या जुलैंत कार्यकर्त्यांनीं निवडलेले हे उमेदवार वडिलांसह भाजपांत गेले. तो प्रयोग तेथेंच मिटला. आम्हांस याची हळहळ वाटते. पहिली पोळी करपली म्हणून आपण चूल विझवीत नाहीं.

२०२२ च्या ऑक्टोबरांत काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली तेव्हां शशि थरूर यांनीं प्रचारास आरंभ नागपुरच्या दीक्षाभूमीवरून केला, आणि मल्लिकार्जुन खर्गे यांच्याशीं जाहीर वादास आपण तयार आहों असें सांगितलें. खर्गे यांनीं तें नाकारलें. आपण एकाच घरचे, भांडण बाहेरच्यांशीं आहे, असा त्यांचा आशय होता. मतें पडलीं खर्ग्यांस ७,८९७, थरुरांस १,०७२. वाद झाला असता तर निकाल फिरला असता, असें आम्हांस वाटत नाहीं. वर दिलेलीं उदाहरणेंच त्याविरुद्ध साक्ष देतात. परंतु त्या हजारांचें म्हणणें काय होतें तें नऊ हजारांस कळलें असतें. पुढच्या वर्षीं थरुरांस कार्यकारिणींत घेतलें. दुर्बळाचें फळ येथेंहि शेजारच्या झाडाचेंच.

न बोलण्याचेंहि फळ मिळतें, हें मात्र आमच्याकडील वैशिष्ट्य. २०१९ मध्यें कोथरूडच्या विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांची जागा चंद्रकांत पाटील यांस देण्यांत आली. बाईंनीं बंड केलें नाहीं, आणि २०२४ मध्यें त्या राज्यसभेवर गेल्या. संयमाचें आम्ही कौतुकच करूं. पण कोथरूडच्या मतदारांस, आपल्या आमदाराचें काय चुकलें, हें आजतागायत कोणी सांगितलें आहे काय?

‘घरचें भांडण बाहेर नको’ हा खर्गे यांचा आशय आमच्या घरांत निघाला तेव्हां मोठा वाद माजला. आमचे थोरले बंधु त्या पक्षाचे, म्हणजे त्या मताचे. ते म्हणाले, “मंचावर जो चुरुचुरु बोलेल तो जिंकेल, काम करणारा अबोल मनुष्य मागें पडेल. शिवाय एकमेकांचीं उणींदुणीं काढून ठेवलीं कीं विरोधकांना आयतें कोलीत.” म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. पुतण्या म्हणाला, “काका, अबोल माणूस विधानसभेंत जाऊन तरी काय करणार?” यावर थोडा हंशा झाला. आत्याबाई इतका वेळ वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, आमच्या वेळीं मुलगी निदान दाखवायला तरी आणीत हो. चार प्रश्न विचारीत, चालून दाखव म्हणत, तेंही वाईटच. पण इथें तर अंतरपाट दूर होईस्तोंवर समोर कोण आहे तेंच कळत नाहीं!”

थोरल्या बंधूंस यावर उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं चहा मागविला.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. अमेरिकेप्रमाणें लक्षावधि लोकांचें मतदान आज मागण्यांत अर्थ नाहीं. पक्षांचे सभासदपट कसे असतात हें सर्वांस ठाऊक आहे. पण निवड वरिष्ठांनींच करावयाची असली तरी त्यापूर्वीं एक संध्याकाळ तरी इच्छुकांस एकत्र उभें करतां येईल. पांच इच्छुक, प्रत्येकास पंधरा मिनिटें, पाणी, नदी, रस्ते आणि नोकऱ्या या चार विषयांवर सर्वांस तेच प्रश्न, आणि खुर्च्यांवर पक्षाचे कार्यकर्ते व मागें आम्ही शेजारीपाजारी. एबी फॉर्म मग ज्याला द्यावयाचा त्याला द्यावा. आमच्या पिंपळे गुरवांत नटसम्राट निळू फुले यांच्या नांवाचें रंगमंदिर उभें आहे. तेथें कोणत्याहि पक्षानें हा प्रयोग लावावा. त्याचें तिकीट आमच्या घरचीं सगळीं माणसें रांगेंत उभीं राहून काढतील. आत्याबाईंनीं पुढच्या रांगेंतली खुर्ची आतांच सांगून ठेवली आहे, कारण त्यांना अलीकडे कमी ऐकूं येतें.